प्रकल्प नोंदी: ग्रिझलीच्या मुलखात एल्कची शिकार, आणि त्यासाठी एकच गोळी

१४ जानेवारी २०२४

बाहेर उणे ३५ आहे, इंजिन गोठू नये म्हणून गाडी प्लगला लावून ठेवलीय आणि दोन दिवस घरातच आहोत, म्हणून ही वही आज सुरू करतोय. काम असं की येत्या ऑक्टोबरात इथे कॅनडात, अल्बर्टातल्या सन्ड्रे गावाच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एल्कला (इथलं मोठं हरीण) जायचं, आणि त्याआधी रायफलसाठी कुठली गोळी वापरायची हे नीट, हाताने करून बघून ठरवायचं. गेली तीन वर्षं कॅल्गरीच्या पूर्वेला सपाटीवर हरणाला जातोय, तिकडे दुकानात जे स्वस्त मिळालं ते भरलं तरी चालून गेलं. डोंगराकडचं वेगळं आहे, तिकडे ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं आहेत.

अल्बर्टात ग्रिझलीची शिकार २००६ पासून बंद आहे, २०१० मध्ये तिला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, म्हणजे मी अस्वल मारायला चाललेलो नाहीये, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. मी एल्क मारायला चाललोय, पण एल्क पडल्यावर त्याच्या रक्तामांसाच्या वासात तीन-चार तास वाकून सुरी चालवणार आहे आणि तो वास फक्त मलाच येणार आहे असं नाही. गेल्या सप्टेंबरच्या शेवटी बॅन्फ पार्कात रेड डिअर नदीच्या खोऱ्यात एक जोडपं आणि त्यांचं कुत्रं ग्रिझलीच्या हल्ल्यात गेलं, ती बातमी बायकोने मला वाचून दाखवली होती आणि मग बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. आमची जायची जागा तिथून पूर्वेला फार लांब नाही.

तर प्रश्न असा: एकच गोळी, जी २५० यार्डांवर एल्कच्या छातीत उघडेल, आणि वेळ आलीच तर दहा पावलांवर अस्वलाच्या खांद्यात शिरून फुटून जाणार नाही. ही दोन टोकं एका गोळीत बसतात का, ते बघायचंय.

२८ जानेवारी

रायफल जुनीच, सेकंडहँड घेतलेली बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करायचा), .३०-०६ मापाच्या काडतुसाची. बरेच जण म्हणतात की अस्वलाच्या भागात जातोयस तर मोठी घे, .३३८ मॅग्नम (जास्त दारूचं, जास्त धक्क्याचं काडतूस) घे, .३७५ घे. काकांची .३३८ मी मागच्या वर्षी चालवून बघितली, पाच गोळ्यांनंतर सहाव्या वेळी ट्रिगर दाबायच्या आधी डोळे मिटत होते, ते त्यांनी बाजूला उभं राहून बघितलं आणि मला सांगितलं. (काका म्हणजे आमच्या शेजारचे, सत्तरी ओलांडलेले निवृत्त शेतकरी, इथलेच, चाळीस वर्षं शिकार करतायत. इथल्या पद्धतीप्रमाणे नावाने हाक मारतो पण वहीत काकाच लिहिणार, माझ्या तोंडून दुसरं येत नाही.) धक्क्याला घाबरून मारलेली मोठी गोळी चुकीच्या जागी लागते. अलास्काच्या फिश अँड गेम खात्याचंही हेच म्हणणं आहे, अस्वलं आहेत म्हणून मॅग्नमच पाहिजे हा समज खरा नाही, जी रायफल तुम्हाला न घाबरता चालवता येते ती आणा. म्हणून .३०-०६ पक्की. १९०६ पासूनचं काडतूस, कुठल्याही छोट्या गावच्या दुकानात मिळतं, हाही मुद्दा आहेच.

आज नळीचा ट्विस्ट मोजला, म्हणजे गोळीला गरगर फिरवणारा नळीच्या आतल्या चरांचा पीळ. क्लीनिंग रॉडला कापडाचा घट्ट पॅच लावला, रॉडवर मास्किंग टेपचा छोटा झेंडा चिकटवला, हळूहळू आत ढकलत गेलो आणि झेंडा एक पूर्ण चक्कर फिरून परत वर आला तेव्हा खूण केली. तीनदा केलं, तिन्ही वेळा दहा इंच. म्हणजे लांब गोळ्याही हिच्यातून स्थिर जातील. हे का लागतं ते पुढच्या नोंदीत.

१८ फेब्रुवारी

महिनाभर वाचतोय. समजलं ते माझ्या भाषेत लिहून काढतो, नाहीतर डोक्यात राहत नाही.

आपण बोलताना अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणतो, पण इथे गोळी म्हणजे फक्त पुढचा भाग, जो नळीतून जातो. वजन ग्रेनमध्ये, ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे १८० ग्रेनची गोळी साधारण ११.७ ग्रॅमची, एक तोळा सोन्याएवढी! एवढंसं वजन २५० किलोच्या जनावराच्या आत कुठपर्यंत जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं, एक म्हणजे जाडीच्या मानाने वजन किती, आणि दुसरं म्हणजे आपटल्यावर त्यातलं किती शिल्लक राहतं. पहिल्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात, .३० कॅलिबरमध्ये (म्हणजे माझ्या गोळीच्या जाडीत) १६५ ग्रेनची ०.२४८, १८० ची ०.२७१, २२० ची ०.३३१. आकडा मोठा तशी खोल जाते, पण ते गोळी शाबूत राहिली तर. फुटली की हा आकडा कागदावरच राहतो.

साधी गोळी म्हणजे शिश्याचा गाभा आणि वरून तांब्याचं पातळ कवच. लांबून मारली, वेग थोडा उतरला की छान उघडते. जवळून मारली की वेग पूर्ण असतो आणि ती खांद्याच्या हाडावर ढेकळासारखी विखुरते. इथे गंमत अशी की आपल्याला वाटतं जवळ म्हणजे सोपं, पण गोळीसाठी जवळचंच अंतर सगळ्यात कठीण.

जॉन नॉसलरची गोष्ट यासाठीच महत्त्वाची वाटली. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात त्यांनी चिखलाने माखलेल्या मूसवर (एल्कपेक्षाही मोठं हरीण) .३०० मॅग्नमने गोळ्या घातल्या, त्या आत न जाता वरवरच फुटल्या आणि मूस काही पडेना. घरी येऊन त्यांनी अशी गोळी बनवली की तांब्याच्या कवचातच मध्ये एक आडवी भिंत, पुढच्या कप्प्यातलं शिसं उघडून उडून गेलं तरी चालेल, मागचा कप्पा भिंतीमुळे तसाच राहतो आणि पुढे जात राहतो. तीच पार्टिशन, १९४८ पासून विकायला आली, आजही मिळते.

दुसरा रस्ता म्हणजे शिसंच काढून टाकायचं. रँडी ब्रूक्स अलास्कात अस्वलाच्या शिकारीवर असताना त्यांना हे सुचलं असं सांगतात, आणि बार्न्सची अख्खी तांब्याची एक्स गोळी १९८९ मध्ये बाजारात आली. पुढच्या टोकाला भोक, आपटली की चार पाकळ्या मागे वळतात, वजन जवळपास तेवढंच राहतं. तांब्याची घनता ८.९६ आणि शिश्याची ११.३४, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो. रॉडला झेंडा लावून मोजत बसलो होतो ते यासाठी. तांब्याला एक अट मात्र आहे, वेग फार उतरला की पाकळ्या नीट उघडत नाहीत. मी स्वतःसाठी १८०० फूट प्रति सेकंद ही खालची मर्यादा धरलीय.

१० मार्च

आज काकांकडे चहाला (त्यांची कॉफी, माझा चहा) बसलो होतो तेव्हा बेला ट्विनचा विषय निघाला. इथे प्रत्येक शिकाऱ्याला ही गोष्ट माहीत असते. १९५३ च्या मे महिन्यात लेसर स्लेव्ह लेकजवळ या क्री (इथल्या मूलनिवासी) बाईंनी एका वेळी एकच गोळी भरता येणाऱ्या .२२ ने, म्हणजे अगदी चिमुकल्या गोळीच्या रायफलने, ग्रिझली मारली, आणि ती त्या काळातली विश्वविक्रमी ग्रिझली निघाली. लोक ही गोष्ट सांगून म्हणतात, बघा, .२२ पण पुरते. मला ते अजिबात पटत नाही. त्या आयुष्यभर जंगलात फासे लावणाऱ्या बाई, अस्वल जवळ आल्यावर त्यांनी अगदी जवळून डोक्याच्या बाजूला, जिथे हाड पातळ तिथे गोळी घातली, आणि पडल्यावरही पुन्हापुन्हा घातल्या. त्यात .२२ चं कौतुक नाही, त्यांच्या थंड डोक्याचं आणि त्यांना असलेल्या माहितीचं आहे.

पण त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली, मारणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. फुप्फुसात गोळी लागलेलं अस्वल मरतंच, पण मरायच्या आधी दहा-पंधरा सेकंद पळू शकतं. अस्वल ताशी ५० किलोमीटरने पळतं, सेकंदाला जवळजवळ १४ मीटर, म्हणजे तीस मीटरवर दिसलं तर माझ्याकडे दोन सेकंद. तेवढ्यात थांबवायचं तर मेंदू, मणका, नाहीतर दोन्ही खांदे मोडणं, आणि त्यासाठी गोळी हाडातून पलीकडे जायला हवी. जाहिरातीत लिहिलेले एनर्जीचे फूट-पौंड इथे काही कामाचे नाहीत.

आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर रायफल हा इथे पहिला उपाय नाहीच. अलास्कातल्या घटनांवर २००८ चा एक अभ्यास आहे, तपकिरी अस्वलांवर मिरचीचा स्प्रे ९२ टक्के वेळा उपयोगी पडला आणि स्प्रे असलेल्या माणसांपैकी ९८ टक्के जखमी झाले नाहीत. २०१२ मध्ये त्याच संशोधकांचा बंदुकींवरचा अभ्यास आला, २६९ घटना, त्यात बंदूक असून वापरली किंवा नाही वापरली याने जखमी होण्यात फारसा फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यासांतल्या घटना वेगवेगळ्या प्रकारच्या, त्यामुळे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही, तरी स्प्रे छातीवर आणि रायफल खांद्यावर हे मी आजच ठरवून टाकलं. बायकोला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "मग एवढं गोळीचं का चाललंय?" म्हणलं, अगं स्प्रे सात-आठ मीटर जातो, वारा तोंडावर असला तर माझ्याच डोळ्यात येतो, आणि एल्कसाठी गोळी तर लागणारच ना, मग तीच अशी घेतो जी दोन्हीकडे चालेल.

२० एप्रिल

चाचणी झाली! दोन दिवस अंघोळीच्या टबमध्ये जुनी वर्तमानपत्रं आणि जाहिरातीचे कागद भिजत घातले होते, बायकोने दोन दिवस सहन केलं, तिचे आभार इथे लिहून ठेवतो. ओल्या कागदाचे गठ्ठे खोक्यात घट्ट बसवले, समोर खाटकाकडून आणलेली गाईच्या खांद्याची चपटी हाडं सुतळीने बांधली, आणि काकांसोबत सरकारी जमिनीवरच्या जुन्या खडीच्या खाणीत गेलो जिथे मागे उंच मातीचा बांध आहे. अंतर मुद्दाम १५ यार्ड. १९८३ मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसने अलास्कातल्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अस्वलापासून बचावाच्या काडतुसांची चाचणी घेतली होती ती याच अंतरावर, म्हणून मीही तेच घेतलं.

चार प्रकार, प्रत्येकी तीन गोळ्या. साधी १८० ग्रेनची (ब्रँड लिहीत नाही, सगळ्या साध्या गोळ्या अशाच वागतात), नॉसलर पार्टिशन १८०, बार्न्सची अख्ख्या तांब्याची टीटीएसएक्स १६८, आणि गोल नाकाची २२० ग्रेनची जी जुने लोक अस्वलासाठी म्हणून सांगतात.

ओला कागद म्हणजे अस्वल नाही, हे माहितीय. पण चौघींना एकच परीक्षा दिली की कोण कशी आहे एवढं तरी कळतं.

२१ एप्रिल

रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर कागदाचा लगदा चिवडत बसलो. हाताला शाईचा काळा रंग. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा मागवलाय, त्यावर एकेक ठेवून वजन केलं.

साधीचं कवच एका थरात सापडलं आणि शिसं दुसऱ्याच थरात, चपटं, कडा करवतीसारख्या. तीनपैकी सगळ्यात मोठा तुकडा ८९ ग्रेनचा, म्हणजे निम्मी गोळी वाटेतच गेली. हाडामागे ११ इंच. कागद उलगडला तर शिश्याचे बारीक कण सगळीकडे राखाडी पुरळासारखे पसरलेले, आणि ते बघून मला एकदम गेल्या वर्षीच्या हरणाचा खिमा आठवला. त्यावर पुढे लिहीन.

पार्टिशन ११६, ११८, ११४ ग्रेन. पुढचा कप्पा रिकामा, तांब्याची कडा फुलासारखी वळलेली आणि मागचं बूड जसंच्या तसं, नखाने वाजवलं तर टणक. १६ इंच. ७५ वर्षांपूर्वीची कल्पना आणि आजही जशी सांगितली तशीच वागली, हातात धरून खूप बरं वाटलं.

तांब्याची १६८: १६७, १६७ आणि एक १५२, त्या एकीची पाकळी हाडावर तुटली होती, ती पाकळी पण सापडली. १९ इंच, म्हणजे माझ्या खोक्याच्या अगदी शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत. वजनाने सगळ्यात हलकी आणि गेली सगळ्यात खोल, कारण वाटेत तिने काही सोडलंच नाही. २२० वाली १७ इंच गेली, सरळ रेषेत, वजन थोडंसंच कमी झालं, जवळून तिचं काम चांगलंच आहे, जुने लोक उगाच सांगत नव्हते. पण ती निघतेच हळू, नाक गोल, २०० यार्डांच्या पुढे ती भराभर खाली येते.

साधी आजपासून बाद.

५ मे

आईचा फोन. चंद्रपूरला ४३ च्या वर गेलंय म्हणे. तिला मी काय करतोय ते सांगितलं, ती गप्प झाली, मग म्हणाली, "अरे, आपल्याकडे मोहफुलं वेचायला पहाटे बाया जातात तेव्हा काय घेऊन जातात? काठी आणि आवाज. दोघी-तिघी मिळून जातात, बोलत बोलत. तू एकटा जाऊ नकोस एवढंच." लहानपणी आमच्या गावातला एक माणूस तेंदूपत्त्याच्या वेळी अस्वलाच्या तावडीत सापडला होता, त्याचा चेहरा मला अजून आठवतो. ते अस्वल वेगळं, ग्रिझली वेगळी, पण जनावर अचानक समोर आलं की काय होतं हे आई माझ्यापेक्षा जास्त जवळून जाणते. नियम म्हणून लिहून घेतला: एकट्याने जायचं नाही.

२५ मे

रेंजवर. एक विचार डोक्यात होता की मॅगझिनमध्ये वर तांब्याची एल्कसाठी आणि खाली २२० वाल्या अस्वलासाठी अशा ठेवायच्या, ऐकायला फार हुशारीचं वाटत होतं. आज करून बघितलं. रायफल १६८ वर झिरो केली (नेम आणि गोळी एका जागी जुळवली), १०० यार्डांवर दोन इंच वर म्हणजे २०० ला बरोबर मध्ये. मग स्कोपला (रायफलवरच्या दुर्बिणीला) हात न लावता २२० ची तीन मारली. पाच इंच खाली आणि दोन इंच डावीकडे, तिन्ही एकत्र. याचा अर्थ घाईगर्दीत कुठली गोळी चेंबरमध्ये आहे हे मी विसरलो तर एल्क जखमी होऊन जाणार आणि ती चूक पूर्ण माझी. नको. एकच गोळी.

क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) लावला होता, माझ्या २२ इंची नळीतून १६८ चा सरासरी वेग २७३५ फूट प्रति सेकंद आला, डब्यावर २८०० लिहिलंय पण त्यांची चाचणीची नळी लांब असते, त्यामुळे हे अपेक्षितच. हिशोब केला तर ३०० यार्डांवरही २१०० च्या वर राहतो, माझ्या १८०० च्या मर्यादेला भरपूर जागा. तरी मी २५० च्या पुढे मारणार नाही, माझा हात तेवढाच आहे.

पार्टिशन आणि तांबं, आता या दोघीच उरल्या. माझ्या रायफलीतून दोन्हींचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पसारा, सव्वा इंचाच्या आसपास.

१४ जुलै

ड्रॉ (शिकारीच्या परवान्यांची सोडत) लागला! मादी एल्कचा टॅग, म्हणजे एक मारायचा परवाना, ऑक्टोबर. काकांनाही लागला.

आणि गोळीचा निर्णयही याच महिन्यात झाला, कारण अस्वल नव्हे, आमची मुलगी. सव्वा वर्षाची आहे, आता आमच्या ताटातलं खाते. एप्रिलमध्ये कागदात जे राखाडी पुरळ बघितलं होतं ते डोक्यातून जात नव्हतं. शिश्याची गोळी जनावरात फुटते तेव्हा डोळ्याला न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात, एक्स-रेवर चांदण्या पसरल्यासारखे दिसतात, आणि खिमा केला की ते सगळीकडे मिसळतात. मोठ्या माणसाला एखाद वेळी चालेल, पण लहान मुलाच्या मेंदूसाठी शिश्याचं सुरक्षित असं प्रमाण नाहीच. शिवाय आपण जो कोठा-आतडी मागे टाकून येतो ती गरुड आणि कावळे खातात, गरुड शिश्याने मरतात हे चांगलं सिद्ध झालंय, कॅलिफोर्नियात तर कॉन्डॉर (तिथलं मोठं गिधाड) वाचवायला २०१९ पासून शिकारीसाठी शिश्याच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे. पार्टिशनबद्दल मला आदर आहे, पण तिचा पुढचा कप्पा शिश्याचाच.

तांब्याची १६८ ठरली. वीस काडतुसांचे ८५ डॉलर. एकाच लॉटचे चार डबे घेतले.

या महिन्यात सरकारने असंही जाहीर केलंय की त्रास देणाऱ्या ग्रिझलींसाठी निवडक शिकाऱ्यांची मदत घेणार. त्यावरून इथे दोन्ही बाजूंनी बरंच तापलंय. माझं मत: अल्बर्टात सगळ्या मिळून ९०० च्या आसपास अस्वलं, त्यातली एकही माझ्या निष्काळजीपणामुळे मरू नये.

१८ ऑगस्ट

आज गोळी नाही, सवय. काकांनी पुठ्ठ्यावर अस्वलाचं डोकं-खांदे काढले, पुठ्ठा मुलांच्या बर्फाच्या घसरगाडीवर उभा केला आणि बांधाच्या कडेला कप्पी लावून बाजूने लांब दोरीने ओढत होते. मी सुरीने मांस कापतोय अशा पवित्र्यात गुडघ्यावर, रायफल हाताशी टेकवलेली.

पहिल्यांदा रायफल खांद्यावर येऊन गोळी सुटायला ४.१ सेकंद. पुठ्ठा माझ्या मागे निघून गेला होता. का वेळ लागला ते शोधलं तर स्कोप ९ वर (नऊपट मोठं दाखवणारा) होता, दहा पावलांवर त्यातून पुठ्ठ्याचा नुसता तपकिरी रंग दिसतो, कुठला भाग आहे काही कळत नाही. स्कोप २ वर आणला, दोन्ही डोळे उघडे ठेवले, पंचवीस-तीस वेळा रिकाम्या रायफलने केलं, शेवटी १.९ वर आलो. सरावासाठी मिरची नसलेला रिकामा स्प्रे मिळतो, तो छातीवरच्या पाकिटातून काढून मारायला १.२ सेकंद. तोही नेमका मारायची गरज नाही, समोर ढग उभा करायचा. आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि काकांना दाखवले, ते नुसते हो म्हणाले, त्यांना माहीत होतंच.

म्हणून ठरलं: कापताना एक जण कापणार, दुसरा उभा राहून चारी बाजूला बघणार, त्याच्या हातात स्प्रे. वीस-वीस मिनिटांनी अदलाबदल.

२९ सप्टेंबर

स्प्रेच्या डब्याची तारीख बघितली, संपत आली होती. नवीन दोन आणले. झिरो परत तपासला, जागेवर आहे. थंडीत बोल्ट अडकू नये म्हणून जुनं तेल पूर्ण पुसून काढलं.

११ ऑक्टोबर

उद्या दसरा, पण पहाटे चारला निघायचंय म्हणून शस्त्रपूजा आज रात्रीच केली. पाटावर रायफल, बोल्ट काढून बाजूला, चेंबर रिकामी, शेजारी सुरी, दोर आणि स्प्रेचे डबे. बायकोने हळदकुंकू लावलं, इथे आपट्याची पानं नाहीत म्हणून अंगणातल्या अस्पेनची पिवळी पानं ठेवली, खरंच सोन्यासारखीच दिसत होती. मुलीने एक पान तोंडात घातलं ते काढून घेतलं.

१२ ऑक्टोबर

उशीर झालाय, थोडक्यात लिहितो.

उणे चार, टाचेएवढा नवा बर्फ, वारा पश्चिमेचा. सव्वानऊला कळपाच्या कडेची मादी, रेंजफाइंडरवर १४२ यार्ड, जरा तिरकी माझ्याकडे तोंड करून. पाठीवरची पिशवी खाली टाकून तिच्यावर रायफल टेकवली, पुढच्या खांद्याच्या आतल्या कडेला धरलं आणि दाबलं. ती चाळीस पावलं गेली आणि बसली, मान खाली टाकली. दुसऱ्या गोळीची गरज पडली नाही. मी जवळ जाऊन हात जोडले, काकांनी टोपी काढली.

मग काम. पोट न फाडता बाजूने मांस काढायची पद्धत, त्यात वेळ वाचतो, मादी असल्याचा पुरावा मांसाला जोडून ठेवावा लागतो तो ठेवला. ठरल्याप्रमाणे आळीपाळीने. मांस कापडी पिशव्यांत भरून आधी सगळं दोनशे मीटर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांबून दिसेल अशा दोन झाडांमध्ये दोराने चार मीटर उंच टांगलं, मग दोन पिशव्या पाठीवर घेऊन साडेतीन किलोमीटर गाडीपर्यंत.

दुसऱ्या फेरीला परत आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. सरळ खाली न उतरता समोरच्या कड्यावरून आधी दुर्बिणीतून बघितलं. सांगाड्यावर ग्रिझली होती. एकटीच, अंगावर चांदीसारखी झाक, खांद्याचा उंचवटा स्पष्ट, आणि ती डोकं आत घालून इतक्या शांतपणे खात होती की सहाशे मीटरवरून मला माझ्या छातीचे ठोके ऐकू येत होते पण तिला आमचा पत्ता नव्हता. आम्ही तास-दीड तास पोटावर पडून बघत होतो. मांस वर टांगलेलं होतं, तिकडे ती गेली नाही. मग ती उठून झाडीत गेली, पण किती आत ते दिसेना, आणि उजेड उतरायला लागला होता. काका म्हणाले, परत. मी वाद घातला नाही.

१३ ऑक्टोबर

दुपारी बारा, मोठ्याने बोलत, टाळ्या वाजवत गेलो (आईच्या मोहवाल्या बायांसारखे). मांस टांगलेलं तसंच. आमच्या कालच्या बुटांच्या ठशावर तिचा पुढच्या पंजाचा ठसा पडलेला, टेप लावली, रुंदी १४ सेंटिमीटर, बोटं जवळजवळ एका रेषेत आणि नखांची टोकं बोटांपासून लांब पुढे टोचलेली. ती आमच्या वाटेने तीस पावलं चालत आली होती आणि मग वळली होती. झाडाच्या बुंध्यापाशी ठसा नव्हता. काका स्प्रे हातात घेऊन उभे, मी दोर सोडला, अर्ध्या तासात निघालो.

२० ऑक्टोबर

घरीच कापणी चालू आहे, फ्रीजरमध्ये आत्तापर्यंत ९१ किलो. आज मागच्या बरगडीजवळ कातड्याच्या आतल्या बाजूला बोटाला काहीतरी टणक लागलं. सुरीच्या टोकाने सोडवलं. गोळी. पुढचा खांदा, छाती आणि जवळजवळ अर्धं अंग पार करून तिथे थांबली होती. धुतली, चार पाकळ्या पूर्ण, एकीच्या टोकाला हाडाची पांढरी चकती चिकटलेली. काट्यावर ठेवली, १६६.८ ग्रेन.

जखमेभोवतीचं मांस तरी हाताच्या तळव्याएवढं कापून टाकलं, बाकीच्याचा खिमा केला. रात्री मुलीला वरणभातासोबत थोडा दिला.

मॅगझिनमधली उरलेली तीन काडतुसं डब्यात परत ठेवली, डब्यावर लॉट नंबर आणि झिरो लिहिला.